एक संगणक, अनेक प्रणाली

संगणक विकत घेतला की त्याच्याबरोबर एक गोष्ट न मागताच घरी येते. ती म्हणजे त्याची संचालन प्रणाली. इंग्रजीतून आलेल्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ या नावानेही ती ओळखली जाते. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटवणे, लिहिलेला मजकूर डिस्कवर कोठे ठेवला आहे याची नोंद राखणे, एकाच वेळी चालू असलेल्या अनेक आज्ञावलींना प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, ही सारी कामे ती पडद्याआड राहून करते. बहुतेकांची गाठ अनेक वर्षे एकाच प्रणालीशी पडते. त्यामुळे ती प्रणाली म्हणजेच संगणक, अशी समजूत सहज होते. एखादी फाइल उघडली नाही, तर ‘संगणकाला हे जमत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

संगणकाच्या नादी लागलेली हौशी मंडळी मात्र असे म्हणून थांबत नाहीत. त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवून ती पाहतात, तेव्हा कालपर्यंत न जमणारे काम आज जमते आणि कालचे सोपे काम आज अडते. यंत्राची मर्यादा कोणती आणि प्रणाली बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा कोणती, हा भेद त्यांना अनुभवाने कळू लागतो. हा भेद कळल्यामुळे काय घडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण फिनलंडमधील एका विद्यार्थ्याचे आहे.

लिनस टोरवाल्ड्स याचा जन्म १९६९ साली हेलसिंकी येथे झाला. त्याच्या आईचे वडील विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘व्हिक-२०’ नावाचा एक छोटा संगणक घेतला आणि अकरा वर्षांच्या आसपासचा नातू त्यावर बसू लागला. या यंत्राची स्मृती अवघी ५ किलोबाइट होती. आज एखादे साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही! पुढे लिनसने ‘सिंक्लेअर क्यूएल’ हा संगणक घेतला. त्याची ‘क्यूडॉस’ ही प्रणाली त्या काळाच्या मानाने प्रगत होती; ती एकाच वेळी अनेक कामे करू शकत असे. परंतु ती चिपमध्ये कायमची कोरलेली असल्याने तिच्यातील दोष दिसला तरी तो दुरुस्त करता येत नसे. या संगणकासाठी फिनलंडमध्ये आज्ञावलीही फारशा मिळत नसत. तेव्हा मजकूर लिहिण्याचे साधन आणि फ्लॉपी चालवणारी आज्ञावली त्याने स्वतःच तयार केली. अडचण हीच त्याची शाळा ठरली, असे म्हणण्यास हरकत नाही.

विद्यापीठात १९९० साली त्याला तिसरी प्रणाली भेटली. ती युनिक्सच्या कुळातील ‘अल्ट्रिक्स’ होती. मूळ युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पुढाकाराने आकारास आली. लहान लहान आज्ञावली एकमेकींना जोडून मोठे काम करून घ्यावे, ही तिची रीत. एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी एकाच वेळी काम करत आणि कोणाचे काम दुसऱ्याच्या कामात मिसळत नसे. ही शिस्त लिनसच्या मनात भरली.

जानेवारी १९९१ मध्ये त्याने हप्त्यांवर नवा संगणक घेतला. त्यात इंटेलचा ‘३८६’ प्रक्रियक होता. अनेक कामे एकत्र चालवणे आणि प्रत्येक कामाची स्मृती सुरक्षित राखणे, या दोन्ही गोष्टींची सोय या प्रक्रियकातच होती. पण संगणकाबरोबर आलेली ‘डॉस’ ही प्रणाली मुळात एका वेळी एकच काम करण्यासाठी बनलेली होती. घोडा दमदार, पण जुंपलेला घाण्याला! घरच्या यंत्रावर युनिक्ससारखे काही हवे, म्हणून त्याने ‘मिनिक्स’ मागवली. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही प्रणाली लिहिली होती. तिची मूळ संहिता वाचता येत असे, परंतु तिच्यात बदल करून ती सर्वांना वाटण्याची मोकळीक त्या वेळी नव्हती. टॅननबॉम यांची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. वर्गात एका सत्रात शिकवून होईल, एवढीच ती लहान राहावी, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकाची गरज एक आणि रोज वापरणाऱ्याची दुसरी.

घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्याचे मिनिक्समधील साधन लिनसला तोकडे वाटले. म्हणून त्याने कोणत्याही प्रणालीचा आधार न घेता थेट यंत्रावर चालणारी एक आज्ञावली लिहिली. तिचे पहिले यश फार साधे होते. एक काम पडद्यावर केवळ ‘ए’ हे अक्षर छापी आणि दुसरे केवळ ‘बी’. दोन्ही आळीपाळीने चालत. पुढे फायली उतरवून घ्यायच्या म्हणून डिस्क चालवणारा भाग जोडावा लागला आणि मग फायलींची व्यवस्था लावणारा. जोडाजोड करता करता त्याची संचालन प्रणालीच होऊ लागली. एकदा नंबर फिरवण्याची आज्ञा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्ककडे गेली आणि डिस्कवरील मिनिक्सचा भाग नष्ट झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी आपलीच प्रणाली पुरी करावी, असे त्याने ठरवले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना संदेश पाठवला. आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, असे सांगून त्याने मिनिक्समधील काय आवडते आणि काय आवडत नाही, हे त्यांना विचारले. म्हणजे इतरांचे अनुभव हाच त्याचा कच्चा माल होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘लिनक्स’ची पहिली आवृत्ती आली. १९९२ साली तिला असा परवाना मिळाला की कोणीही तिची संहिता पाहावी, बदलावी आणि वाटावी. मात्र बदललेली प्रत वाटताना तिची संहिताही घेणाऱ्याला उपलब्ध करून द्यावी. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आलेला होता आणि त्या प्रकल्पाची अनेक साधनेही लिनक्सच्या उपयोगी पडली. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलच्या गाभ्याशी लिनक्स आहे. भारतातही सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणली.

प्रणाली बदलणाऱ्याला अडथळेही सोसावे लागतात. खिडकी बंद करण्याचे चिन्ह एका प्रणालीत उजवीकडे, तर दुसरीत डावीकडे असते. ज्या प्रणालीवर पहिल्यांदा हात बसला तीच सोपी, असे बहुतेकांना वाटते. या मतात सवयीचा वाटा मोठा असतो, म्हणून हौशी माणसांच्या वादात पडणाऱ्याने दोन्ही बाजू जरा जपूनच ऐकाव्यात.

मराठी लिहिणाऱ्याला मात्र हा प्रश्न केवळ सवयीचा नव्हता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये लिहिला जाई. संगणकाच्या लेखी ती रोमन लिपीचीच अक्षरे व चिन्हे असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तो फॉन्ट नसला, की पत्राच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या वर्णांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. तरीही काम संपले नाही, कारण क्रमांकांची जुळणी करून अक्षर घडवणे हे प्रणालीचे काम होते. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. ज्या प्रणालीत ही जुळणी नव्हती, तेथे वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, हा फरक तर हिंदीपुरता विचार करणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ती बहुधा सीडी घालून वेगळी बसवावी लागे. लिनक्सवर हेच काम स्वयंसेवकांनी हाती घेतले. आपल्या लिपीतील चूक दिसल्यावर ती सुधारण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती, हा त्यातला मोठा लाभ.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चालण्यास पात्र ठरत नाही. यंत्र तर धडधाकट आहे, पण प्रणालीची मुदत संपली, अशा स्थितीत असलेल्यांना दुसरी प्रणाली आजमावून पाहता येते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतात. मूळ डिस्कला हात न लावता छपाईयंत्र, आवाज आणि मराठी कळफलक नीट चालतात की नाही, हे त्यातून तपासता येते. ती आवडली, तर डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात आणि संगणक सुरू होताना कोणती हवी ते निवडता येते. भाग पाडताना एक चुकीची कळ वर्षांची छायाचित्रे पुसू शकते. म्हणून अनुभवी मंडळी आधी सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतात, तेथून एखादी फाइल उघडून पाहतात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात.