स्प्लेंडर जिंकायचंय? खालच्या ओळीत अडकू नका

मार्क आंद्रे यांचा हा रत्नव्यापाऱ्यांचा खेळ २०१४ सालचा. नियम पाच मिनिटांत समजतात, पण हातात चिप्स आल्या की नवखा खेळाडू खालच्या ओळीतले स्वस्त पत्ते घेत सुटतो. चूक तिथेच होते. त्या ४० पत्त्यांपैकी बहुतेकांना शून्य गुण आहेत आणि जिंकायला १५ लागतात!

डाव मांडला की आधी वरच्या ओळी वाचा. ५ गुणांच्या पत्त्याला एका रंगाची ७ आणि दुसऱ्या रंगाची ३ रत्नं लागतात. समजा, ७ निळी हवी आहेत. विकत घेतलेला प्रत्येक पत्ता त्याच्या रंगाचं एक रत्न म्हणून धरला जातो, त्यामुळे तुमच्याकडे निळे ४ पत्ते असतील, तर निळ्या चिप्स फक्त ३ लागतील. म्हणजे पत्ते गोळा करायचे ते या हिशोबाने, दिसेल तो उचलून नाही. असे तीन पत्ते झाले की १५ गुण तिथेच पूर्ण.

ठरावीक रंगांचे पत्ते जमवले की मिळणाऱ्या सरदारांचे ३ गुण गोड वाटतात, पण मला विचाराल तर केवळ त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नका. तुमचे रंग जुळत असतील तरच घ्या.

पत्ता राखून ठेवायला कचरू नका. सोन्याची चिप मिळते, ती कुठल्याही रंगाला चालते, शिवाय समोरच्याचा बेत फसतो. मात्र हातात तीनच राखीव पत्ते ठेवता येतात आणि चिप्स दहाच.

आणि हो, गुण बरोबरीत सुटले, तर ज्याने कमी पत्ते विकत घेतले तो जिंकतो.