बाद झालेलं जीवनसत्त्व

हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ‘क’ जीवनसत्त्वावर काम करत होते. बारीक रक्तवाहिन्या झिरपून त्वचेखाली रक्त उतरणाऱ्या रुग्णाला त्यांनी अशुद्ध अर्क दिला, तेव्हा गुण आला. पुढे शुद्ध ‘क’ हाती आलं, पण त्याने काहीच झालं नाही. म्हणजे कमाल त्या गाळातली होती! लिंबू आणि लाल मिरचीच्या अर्कातले ते पिवळे पदार्थ म्हणजे फ्लॅव्होनॉइड्स. 1936 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रुस्न्याक यांनी या पदार्थांना ‘पी’ जीवनसत्त्व म्हटलं. पी म्हणजे पर्मिएबिलिटी, वाहिन्यांच्या भिंतीचं झिरपणं. पुढच्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गींना नोबेल मिळालं, पण ‘पी’चे प्रयोग इतरांच्या हातून तसे जमेनात. 1950 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या समितीने ते नावच बाद केलं.

मधल्या काळात डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन या फ्लॅव्होनॉइड्सच्या गोळ्या मूळव्याध नि फुगलेल्या शिरांसाठी चालत राहिल्या. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांतही त्या मिळतात. पण धमन्यांचा विषय वेगळा.

तो उघडला 1993 मध्ये. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या 65 ते 84 वयाच्या 805 पुरुषांचा पाच वर्षांचा हिशेब मांडला गेला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून ज्यांच्या पोटात जास्त फ्लॅव्होनॉइड्स जात होती, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी. कांद्याला इतका मान क्वचितच मिळाला असेल. चार वर्षांनी वेल्समधल्या केअरफिलीतून उलटी बातमी आली: तिथे चहाचा फायदा दिसलाच नाही. तिथला चहा दुधाचा, म्हणून दुधावर बोट ठेवलं गेलं. आपल्या घराघरातला चहा आठवून मी तेव्हा जरा हिरमुसलो होतो! पुढे दुधामुळे शोषण घटत नाही, असंही काहींना आढळलं. शिवाय केअरफिलीत जास्त चहा पिणारे बहुतेक कष्टकरी होते, आणि त्यांच्यात विडीकाडीही जास्त होती. दोष दुधाचा की जगण्याचा, हे अशा पाहणीतून कळत नाही.

1999 मध्ये रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा मुळात दाहाचाच आजार असल्याचं ठासून मांडलं आणि प्रयोगशाळांना जोर चढला. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवायच्या, दाह पेटवायचा, वर क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड घालायचं. पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारे रेणू कमी होतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं. माझ्या मते या क्षेत्राची सगळ्यात मोठी फसगत इथेच झाली. खाल्लेलं क्वेर्सेटिन आतडं आणि यकृत लगेच दुसऱ्या रूपात बदलून टाकतात, त्यामुळे मोकळं क्वेर्सेटिन रक्तात जेमतेम उरतं. बशीतला डोस माणसाच्या धमनीपर्यंत पोचतच नाही.

मोठी परीक्षा 2022 मध्ये कोकोची झाली. 21,442 लोक, रोज कोकोतलं 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल, म्हणजे फ्लॅव्होनॉइड्सचाच एक प्रकार. एकूण हृदयघटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक निर्विवाद ठरला नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र घटले होते. पण तो दुय्यम निकष होता, आणि खर्चात चॉकलेटवाल्या मार्स कंपनीचा वाटा होता.

गंमत अशी, की दाह रोखून धमन्यांना उपयोगी पडलेलं वनस्पतीजन्य औषध भलतीकडूनच आलं. 2020 च्या एका चाचणीत जुनाट हृदयविकाराच्या 5,522 रुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिलं. हृदयघटना 9.6 टक्क्यांऐवजी 6.8 टक्क्यांत दिसल्या. 2024 मध्ये ताज्या झटक्यानंतरच्या रुग्णांत मात्र तसा फायदा दिसला नाही. हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, अल्कलॉइड. आणि ते आपल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या. तिचा कंद विषारी, म्हणून गावाकडे पोरांना तिला हात लावू देत नाहीत.