पहिल्या महायुद्धांतील सैनिकांच्या घरचीं पत्रें

प्रोषितभर्तृकेचें वर्णन साहित्यशास्त्रकारांनीं पुष्कळ केलें आहे. परंतु पति अगर पुत्र रणांत गेलेल्या स्त्रीचे स्वतःचे शब्द देणारीं अस्सल साधनें थोडीं. त्यांपैकीं एका साधनाचें स्वरूप येथें सांगतों.

इ. स. १९१४ मध्यें हिंदी फौज फ्रान्सांत उतरल्यावर तिचा पत्रव्यवहार तपासण्यासाठीं एक कचेरी स्थापन झाली. हॉवेल नांवाचा अधिकारी तिचा प्रमुख होता. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे तिच्या अहवालांस जोडलेले असून ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांत घरून आलेलीं पत्रेंही आहेत. मात्र उतारा म्हणजे मूळ नव्हे. घरीं बहुधा कोणास लिहितां येत नसे. आई बोले, गांवांतील लिहिणारा लिही, तपासनीस निवडी आणि भाषांतरकार इंग्रजी करी. पत्र परका वाचणार हें ठाऊक असल्यानें ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी शिपाई व ‘लाल मिरची’ म्हणजे गोरा, अशा सांकेतिक शब्दांचाही उपयोग होई. म्हणून पत्रांतील मौन हें निर्विकारपणाचें प्रमाण मानूं नये. मायना व क्षेमकुशल ठराविकच असावयाचें. तें सोडून एकच प्रश्न जेथें पुन्हां विचारलेला आढळतो, तेथें सांगणारीचा स्वर शोधावा.

पत्र न येणें हेंही एक साधनच होय. कुतच्या वेढ्यांत (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर सुमारें १३,००० लोक कैद झाले. त्यांतील कित्येक वाटेंत व छावण्यांत मेले. ज्या घरीं ना मृत्यूची वार्ता ना जीविताची, त्या घरच्या स्त्रीनें कुंकूं ठेवावें कीं पुसावें? सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें गांवचे ४६ वीर त्या महायुद्धांत पडले. स्मारकशिळा संख्या सांगते. कोणत्या घरीं किती दिवस वाट पाहिली गेली, हें ती सांगत नाहीं.

तें सांगणारें एखादें कार्ड पेन्शनच्या कागदांबरोबर जुन्या पेटींत पडलेलें असूं शकेल. संग्राहकांनीं तिकिटासाठीं पाकीट वेगळें करूं नये. टपालाचा शिक्का, तपासनीसाचा ठसा व लिहिणाऱ्याचें अक्षर यांची नोंद ठेवावी, आणि तें कोणत्या घरांतून मिळालें हेंही टिपावें. पेशवाईचे रुमाल जिवापाड जपणाऱ्या आपण १९१६ चें कार्ड केवळ अर्वाचीन म्हणून रद्दींत जाऊं दिलें, तर त्या आईचा शब्द भाषांतरांतूनही उरणार नाहीं. इत्यलम्.