तिकिटावरची तीन अक्षरं

आपल्या पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. परवा आमच्या गटातल्या एक ताई लेकीकडे बंगळुरूला निघाल्या होत्या. रिक्षा इथल्याच विमानतळाची सांगितलेली. तिकिटावर मात्र ‘बीओएम’, म्हणजे अंधेरीकडचा जुना विमानतळ! आदल्या रात्री कळलं म्हणून निभावलं. इथली खूण ‘एनएमआय’. ही इंग्रजी अक्षरं जातानाची आणि परतीचीही आधी तपासा.

दोन तास आधी पोहोचा. दारावर तिकीट आणि आधार कार्ड दाखवायचं. मग विमान कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग देऊन बोर्डिंग पास घ्यायचा. सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतो. पुढची अंगझडती पडद्याआड महिला जवानच घेतात, संकोच नको. कात्री, अडकित्ता मोठ्या बॅगेत. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. सुकं खोबरं घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. पासवर गेटचा नंबर असतो, पण तो बदलतो; पडद्यावर बघत राहा.

पाहुणे इथे उतरले, तर पनवेल स्टेशनवरून सीएसएमटी आणि ठाण्याच्या लोकल आहेत. अटल सेतूवरून शिवडीला जायचं तर टॅक्सीच करा. सेतूवर रिक्षाला बंदी आहे.

आणि अडलंच, तर गणवेशातल्या कुणालाही मराठीत विचारा. विचारणारी बाई चुकत नाही.