घरचा संगणक : पत्ते नेमके असतात कुठे?

मागच्या भागात आपण जुन्या ईमेल नव्या प्रोग्रॅममध्ये हलवल्या. पत्रं आली की काम झालं असं वाटतं. मग मावशीला मेल करायला बसावं, नावाची पहिली दोन अक्षरं टाइप करावीत आणि पुढे काहीच उमटू नये! पत्ता हरवला की काय? बहुतेक वेळा तो हरवलेला नसतो. आपल्या पत्तेवहीत तो कधी नव्हताच.

क्लासिक आउटलुकचंच घ्या. तुम्ही ज्यांना ज्यांना मेल पाठवता त्यांचे पत्ते तो आपणहून लक्षात ठेवतो आणि टाइप करताना सुचवतो. पण ही आठवणींची यादी वेगळी आणि 'कॉन्टॅक्ट्स' वेगळे. वर्षानुवर्षं सुचवण्यांवर भागत असल्याने कॉन्टॅक्ट्समध्ये बघावं तर चारदोन नावं, त्यातही एखादा गॅसवाला! आउटलुकमधून पत्ते एक्स्पोर्ट केले की फक्त ही दुसरी यादी बाहेर पडते. म्हणून हलवाहलवीआधी 'सेंट' फोल्डर उघडा, नेहमीच्या माणसांच्या नावांवर राइट-क्लिक करा आणि त्यांना कॉन्टॅक्ट्समध्ये घाला. काम कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच.

थंडरबर्डमध्ये उलटा मामला. पाठवलेल्या मेलमधले पत्ते तो 'कलेक्टेड अॅड्रेसेस' नावाच्या स्वतंत्र वहीत टाकतो. तिथून बाहेर पडताना दोन्ही वह्या एक्स्पोर्ट कराव्या लागतात. जीमेलमध्येही 'अदर कॉन्टॅक्ट्स' असा वेगळा कप्पा असतो, तो विसरू नका.

आता वाहतूक. आउटलुकमधून थंडरबर्डकडे जाणार असाल तर घाईने आउटलुक काढून टाकू नका. दोन्ही एकाच विंडोज संगणकावर असले तर थंडरबर्ड त्याच्या 'इम्पोर्ट'मधून पत्ते थेट उचलू शकतो. संगणकच बदलत असेल तर मधे एक फाइल लागते, बहुतेकदा सीएसव्ही. ही साधी मजकुराची फाइल असते: एका ओळीत एक माणूस, मधे स्वल्पविराम. कोणत्या रकान्यात नाव आणि कोणत्यात ईमेल हे थंडरबर्ड घेताना विचारतो. तिथे पुढे-पुढे करत दाबत सुटलात तर आडनावाच्या जागी फोन नंबर बसतो.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच. क्लासिक आउटलुकची सीएसव्ही अनेकदा जुन्या अक्षर-संकेतात बाहेर पडते, त्यात देवनागरी मावत नाही आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर त्या फाइलमधून परत मिळत नाही. म्हणून फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एक्सेलमध्ये मात्र उघडून सेव्ह करू नका! ९१ ने सुरू होणारा बारा आकडी मोबाइल नंबर एक्सेल संक्षेपात दाखवतो आणि सीएसव्हीत तसाच लिहून टाकतो. शेवटचे आकडे गेले ते गेलेच. एक्सेल वापरायचंच असेल तर नंबरांचा रकाना आधीच 'टेक्स्ट' म्हणून आत घ्या आणि सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

गट केले असतील, म्हणजे 'सोसायटी', 'भिशी' वगैरे, तर थंडरबर्डच्या सीएसव्हीत ते येत नाहीत. थंडरबर्डमधून थंडरबर्डकडेच जात असाल तर एलडीआयएफ हा प्रकार निवडा, त्यात गटही येतात.

जीमेलवाल्यांना वाटतं, नव्या प्रोग्रॅममध्ये खातं जोडलं की सगळं येईल. आयमॅप ही पद्धत फक्त पत्रं आणते. पत्त्यांसाठी कार्डडॅव्ह नावाची निराळी पद्धत आहे, २०११ सालची. थंडरबर्डमध्ये जीमेल खातं जोडताना गूगलची पत्तेवही जोडायचा पर्याय दिसतो, तो सोडू नका. एकदा जोडलं की फोनवर गूगल खात्यात घातलेलं नाव इथेही दिसतं आणि पुढच्या वेळी फाइलींची ही यातायात उरत नाही. विंडोजच्या 'मेल' अॅपचा आधार ३१ डिसेंबर २०२४ला संपल्यामुळे जे बाहेर पडले, त्यांच्यापैकी ज्यांची नावं गूगल खात्यातच होती, त्यांना हाच रस्ता सोपा.

नवा प्रोग्रॅम सुरू झाला की पाच-सहा नावं टाइप करून बघा, त्यात एक मराठीतलं घ्या. महिनाभर तरी जुना प्रोग्रॅम राहू द्या. आणि पेनड्राइव्हवरची ती सीएसव्ही काम झाल्यावर पुसून टाका. तिला पासवर्ड नसतो आणि तीत तुमच्या सगळ्या गणगोताचे फोन नंबर असतात.