पालकसभेतली तीन मिनिटं

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २४ पालकांनी एकदा वाचावं. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व इतर संबंधित माहिती त्यांना देणं, हे शिक्षकाचं कर्तव्य त्यात सांगितलं आहे. ‘गुण’ हा शब्द त्या यादीत नाही. सभेत मात्र बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच : किती पडले?

मी बावीस वर्षं टेबलापलीकडे बसले. चाळीस पालक, दोन तास. म्हणजे एकेकाला तीन मिनिटं. चौथीतल्या एका मुलाच्या आईला मी म्हटलं होतं, ‘लक्ष देत नाही, फळ्यावरचं अर्धवट उतरवतो.’ ती मान खाली घालून ऐकत राहिली. उठता उठता म्हणाली, ‘घरी टीव्हीलाही अगदी चिकटून बसतो, बाई.’ डोळे तपासले, चष्मा लागला. तोवर दोन वर्षं त्याने आमची बोलणी खाल्ली होती.

शिक्षकाने काय सांगायचं ते कायद्यात आहे. पालकाने काय सांगायचं ते नाही. तेच आधी सांगा : झोप, घरातला ताण, कोणती वही तो दप्तरातून बाहेरच काढत नाही. मग ती वही मागून घ्या आणि विचारा, ‘नेमकं कुठे अडतं?’ ‘घरी अभ्यास घ्या’ एवढ्यावर समाधान मानू नका. घाईत आम्ही तेच सांगतो. तिसऱ्या मिनिटाला पुढचे पालक खुर्चीमागे येऊन उभे राहतात. बोलणं अपुरं असेल तर पुन्हा भेटायचा दिवस ठरवूनच उठा.