पडद्यावरचा तपास (भाग ६) : मिसिंगची वही

मागच्या भागात आपण राजदत्त यांच्या 'माफीचा साक्षीदार'पाशी थांबलो होतो. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा हा १९८६ चा चित्रपट अजूनही लक्षात आहे तो नाना पाटेकरांमुळे. मला त्या प्रकरणातली एक गोष्ट आज पुढे न्यायची आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले, पण पुणं हादरलं ते ऑक्टोबर १९७६ अखेर, जोशी कुटुंबाच्या हत्येनंतर. जानेवारीत पहिला खून झालेला होता, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. मारेकऱ्यांच्याच ओळखीतला तो तरुण कागदोपत्री नुसता बेपत्ता होता. प्रेत पेशवे पार्कच्या तळ्यात पिंपात घालून बुडवलेलं होतं आणि शहर तळ्याकाठी भेळ खात होतं.

खून दिसला नाही की मालिकाही दिसत नाही. मालिका खुनांवरच्या सिनेमांनी ही अडचण बहुतेकदा सोडूनच दिली आहे. या प्रकारातला सर्वांत गाजलेला चित्रपट घ्या, बाँग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर'. २००३ चा कोरियन चित्रपट, ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ दरम्यान झालेल्या दहा स्त्रियांच्या खुनांवरचा. भातशेती, पाटाचं पाणी, बांधावरून धावणारी पोरं. आपल्याकडच्या माणसाला हे गाव परकं वाटत नाही. सुरुवातीच्या एका प्रसंगात शेताच्या कडेला प्रेत पडलंय, आणि मातीत बुटाचा एक ठसा उमटलाय. तपास अधिकारी ओरडतोय, ठशाभोवती आखून घेतोय. भोवती गर्दी, पत्रकार, कॅमेरे. उतारावरून उतरताना साहेब लोक घसरून पडतायत. तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो आणि शांतपणे त्या ठशावरून निघून जातो. पंचनामा होण्याआधी गुन्ह्याच्या जागेवर अख्खा गाव गोळा झालेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा प्रसंग विनोदी वाटणार नाही.

त्या चित्रपटातल्या पोलिसांकडे प्रेतं आहेत, पद्धत आहे, मालिका आहे; माणूस तेवढा नाही. मग ते हाताला लागेल त्याला धरून मारझोड करून कबुली घेतात. खरा आरोपी मिळाला २०१९ मध्ये, जपून ठेवलेल्या पुराव्यांवरच्या डीएनएमुळे. तो मेहुणीच्या खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने चौदा खून कबूल केले. त्यातल्या एका खुनासाठी दुसराच एक माणूस वीस वर्षं आत बसून आला होता. त्याची निर्दोष सुटका डिसेंबर २०२० मध्ये झाली.

आता हेच उलटं करा. माणूस सगळ्यांच्या ओळखीचा आहे, मालिका मात्र कुणालाच माहीत नाही. ही झाली वाईची गोष्ट.

२००३ मध्येच 'गंगाजल' प्रदर्शित झाला. बिहारच्या पोलिसांवरचा तो सिनेमा चित्रित झाला वाई परिसरात. पडद्यावरच्या त्या तेजपूरमध्ये कोण कुणाला मारतंय ते देशाने पाहिलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार संतोष पोळ याने पहिला खून केला तोही त्याच साली. इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदवी सांगणारा, नावामागे डॉक्टर लावणारा, पोलिसांविरुद्धच तक्रारी करण्यात पटाईत असलेला हा माणूस. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला मुंबईत दादरला पकडलं तेव्हा आरोप झाला तो २००३ पासूनच्या सहा खुनांचा, पाच स्त्रिया आणि एक पुरुष. वाईजवळ धोमला त्याच्या फार्महाऊसच्या आवारात खोदकाम झालं आणि पुरलेली प्रेतं, सांगाडे बाहेर आले. (खटला सातारच्या न्यायालयातला. मी इथे लिहितोय ती पोलिसांची बाजू, निकाल नव्हे.)

तेरा वर्षं. एवढी वर्षं हे कळलं कसं नाही, हा प्रश्न तेव्हा वाईच्या प्रत्येक टपरीवर विचारला गेला. उत्तर पोलीस ठाण्यातल्या एका साध्या वहीत आहे. घरचं मोठं माणूस परत आलं नाही की आपण ठाण्यात जातो आणि 'मिसिंग' दाखल होते. मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे. वर्णन लिहून घेतात, फोटो घेतात, बिनतारी संदेश जातो. त्यानंतर ठाणे अंमलदार बहुधा एक प्रश्न विचारतो : घरात काही भांडण झालं होतं का? बाई हरवली असेल तर या प्रश्नाचा सूरही ठरलेला असतो. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा दाखल करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं. प्रौढ माणसाला ते लागू नाही; तो आपल्या मर्जीने जाऊ शकतो, आणि कायद्याचं हे म्हणणं चूकही नाही. पण त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी हरवलेली माणसं वहीत सुटीसुटीच राहतात. २००३ चं पान आणि २०१६ चं पान शेजारी ठेवून बघायचं काम कुणाच्या ड्युटीत नसतं.

वाईत ती पानं जोडली गेली ती शेवटच्या घटनेमुळे. जून २०१६ मध्ये एक अंगणवाडी शिक्षिका पुण्याला मुलीकडे निघाल्या आणि पोहोचल्याच नाहीत. त्या संघटनेत काम करणाऱ्या, चार लोकांत ऊठबस असलेल्या. 'गेली असेल कुठेतरी' म्हणून हे प्रकरण मिटलं नाही. घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. फोनच्या नोंदींवरून तपास पोळपर्यंत आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या परिचारिकेपर्यंत पोहोचला. थोडक्यात, आधीच्या हरवलेल्यांचा छडा लागला तो नंतरच्या हरवलेल्या बाईमागे माणसं उभी राहिली म्हणून.

या प्रकरणावर सिनेमा नाही, मालिका आली. झी मराठीची 'देवमाणूस', ऑगस्ट २०२० पासून, वाईच्या प्रकरणावर बेतलेली. किरण गायकवाडांनी डॉ. अजितकुमार देव झकास उभा केला आणि सरू आजीच्या म्हणी तर महाराष्ट्रभर पसरल्या. माझी तक्रार वेगळीच आहे. मालिकेत खुनी कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच ठाऊक असतं, म्हणून सगळी मजा 'आता हा सापडतो का' यात. वाईत भीती याच्या उलट होती. लोक त्याच्यासमोर बसून नाडी दाखवत होते आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ज्या वहीतली पानं कुणी जोडली नाहीत, तिच्याभोवती पटकथा रचणारा लेखक अजून आपल्याला मिळालेला नाही. रोजच्या मालिकेला ते झेपणारही नाही म्हणा.

सांगलीकडे आलं की आणखी तिसरीच तऱ्हा दिसते. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ, २० जून २०२२. दोन भावांच्या घरांत मिळून नऊ मृतदेह, सोबत सावकारांची नावं असलेल्या चिठ्ठ्या. सामुदायिक आत्महत्या म्हणून बातम्या झाल्या, सावकारांची धरपकड झाली. आठवडाभरात पोलिसांनी दिशा बदलली : गुप्तधनाच्या नादी लावणाऱ्या मांत्रिकाने विष दिलं, असा आरोप ठेवून दोघांना अटक केली. हा मालिका खून नव्हे, सगळं एका रात्रीतलं. पण पंचनाम्यात चिठ्ठी सापडली म्हणून तपास तिथेच न थांबवणं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पुन्हा राजदत्तांच्या सिनेमाच्या नावाकडे येऊ, कारण वाईच्या खटल्यातही ती परिचारिका माफीची साक्षीदार झाली. सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते. पुरलेल्या प्रेतांच्या प्रकरणात अशा साक्षीदाराची गरज का पडते, हे उघड आहे. हाडांवरून आणि दातांवरून डीएनए मिळतो, नातेवाइकांशी जुळवून ओळख पटते. हा सांगाडा कुणाचा, ते प्रयोगशाळा सांगेल. त्या दिवशी काय घडलं, ते शेजारी उभं असणारं माणूसच सांगू शकतं. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली अशा साथीदाराला माफी देता येत असे, अट एकच : जे माहीत आहे ते पूर्ण आणि खरं सांगायचं. काही लपवलं, खोटं सांगितलं, तर सरकारी वकिलाच्या दाखल्यावरून माफी जाते आणि तोच माणूस पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात येतो. शिवाय त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालयं सहसा विसंबत नाहीत. महत्त्वाच्या तपशिलांना बाहेरून दुजोरा लागतो. हा दुजोरा कसा गोळा करतात आणि उलटतपासणीत तो कसा फाडला जातो, ते पुढच्या भागात.